मणी धुऊ नका

समजा, राजूरच्या वरच्या अंगाला बांध घालताना एखाद्या शेतकऱ्याच्या कुदळीला काहीतरी लागले. हिरवट पडलेला तांब्याचा तुकडा, रंगवलेले खापर, कोरीव दगड, काहीही. पुढे काय होते ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. वस्तू आधी घरी जाते. चिंच किंवा राख लावून ती घासली जाते, लख्ख केली जाते. मग ती देवळात जाते, नाही तर पुढाऱ्याच्या बैठकीत, नाही तर शाळेत. शाळेत काचेचे कपाट असतेच. त्यात ती मांडली जाते आणि पुढ्यात एक चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर देणाऱ्याचे नाव असते, शेताचे नसते. आम्ही शिक्षक आहोत आणि अशा चिठ्ठ्या आम्हीही लिहिल्या आहेत. तेव्हा पुढे जी टीका येणार आहे तिच्यातून आम्ही स्वतःला वगळलेले नाही.

जिल्ह्याजिल्ह्यांत आज हौशी मंडळी इतिहासाच्या मागे लागलेली दिसतात. कोणी वीरगळ शोधतात, कोणी नाणी जमवतात, कोणी गडावरची टाकी साफ करतात, कोणी जुन्या घाटवाटा पालथ्या घालतात. हे सारे पदरमोड करून, रविवार घालवून चाललेले असते. त्यांच्या तळमळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही आणि सरकारी खात्याचा माणूस प्रत्येक ओढ्याकाठी पोचणारही नाही. पण या कामाचे मोजमाप कशाने करायचे? बहुतेक वेळा ते वस्तूंच्या संख्येने आणि त्यांच्या जुनेपणाने होते. ‘अमुक हजार वर्षांपूर्वीची मूर्ती सापडली’ अशी बातमी आली की काम झाले. आम्हांला हे माप खोटे वाटते. आमचे माप वेगळे आहे. शोध लावणारा निघून गेल्यावर दुसऱ्या कोणाला तो तपासून पाहता येईल का, एवढेच आम्ही विचारतो. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण लिहायला लावतो ते याच कारणाने. पुरातत्त्वात तर एक अडचण जास्तीची आहे. इथला प्रयोग पुन्हा करता येत नाही. एकदा उकरलेली जमीन उकरली ती उकरलीच.

हे नुसते तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा प्रवरेच्याच काठाने खाली जाऊ. रतनगडाच्या कुशीत उगम पावलेली ही नदी भंडारदऱ्याचे धरण भरून, रंध्याला उडी घेऊन राजूरच्या जवळून अकोले, संगमनेरकडे जाते आणि शेवटी प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. या एका नदीकाठी महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासातली तीन मोठी नावे आहेत : जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे या लहानशा गावी ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. तिथल्या लाल रंगाच्या, काळ्या रेघांची नक्षी असलेल्या, नळीसारखी तोटी काढलेल्या भांड्यांवरून एका संपूर्ण संस्कृतीला त्या गावाचे नाव मिळाले. आज अशी दोनशेहून अधिक ठिकाणे माहीत आहेत. हे खापर इतके पक्के भाजलेले असते की टिचकी मारली तर धातूसारखे वाजते.

श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादची जागा १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकरांनी हेरली आणि त्यानंतर तिथे तीन वेळा उत्खनने झाली. त्यांतले शेवटचे आणि सर्वांत विस्तृत उत्खनन एस. ए. साळी यांचे, १९७५ ते १९७९ या काळातले. सुमारे पाच मीटर जाडीच्या साठ्यात एकाखाली एक पाच संस्कृतींचे थर तिथे लागले. सर्वांत खाली सावळदा, मग उत्तर हडप्पा, मग दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. पण दायमाबाद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो रथ. दोन बैल जुंपलेला आणि आत माणूस उभा असलेला. पाठ्यपुस्तकांत त्याचे चित्र असते, प्रदर्शनांत त्याची प्रतिकृती असते. त्याच्याबरोबर एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा असे आणखी तीन प्राणीही मिळाले. चारही वस्तू भरीव कांस्याच्या आहेत आणि मिळून साठ किलोंपेक्षा जास्त वजनाच्या. साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने एवढे वजन एका मुशीतून कसे ओतले असेल, असा प्रश्न कोणालाही पडावा.

पण तेवढीच वर्षांपूर्वी? इथे घोटाळा आहे, आणि तो पाठ्यपुस्तकात येत नाही. या चार वस्तू कोणत्याही उत्खननात मिळालेल्या नाहीत. १९७४ मध्ये तिथला एक भिल्ल शेतकरी एका झुडपाचे मूळ खणत होता, त्याला त्या लागल्या. त्याच्याकडे त्यांचा दोष जात नाही. तो झुडूप काढत होता, इतिहास काढत नव्हता, आणि वस्तू वितळल्या गेल्या नाहीत हे आपले नशीब. पण परिणाम असा झाला की त्या वस्तू नेमक्या कोणत्या थरात, कशाला खेटून, खड्डा खणून पुरलेल्या होत्या की घराच्या जमिनीवर राहून गेल्या होत्या, हे पाहायला जागेवर कोणी नव्हते. म. के. ढवळीकरांसह अनेक अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. डी. पी. अग्रवाल यांनी धातूचे पृथक्करण पाहून शंका घेतली. या वस्तूंत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त आहे, आपल्याकडच्या इतर ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण दिसत नाही, तेव्हा त्या पुष्कळ नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असू शकतील असे त्यांचे म्हणणे. त्यावर उलट असेही म्हणता येते की सिंधूकाठच्या हडप्पा संस्कृतीच्या काही तांब्याच्या वस्तूंत आर्सेनिक आढळते, मग एवढ्यावर निकाल कसा द्यायचा? कार्बन-१४ इथे मदतीला येत नाही, कारण ती पद्धत एके काळी जिवंत असलेल्या पदार्थाचे वय सांगते. लाकूड, कोळसा, धान्य, हाड यांचे वय तिने निघेल, कांस्याचे नाही. त्या रथाच्या चाकाखाली जळक्या धान्याचे चार दाणे असते आणि ते कोणी जागेवर टिपले असते, तर कदाचित वाद मिटला असता.

याच्या शेजारी ठेवून पाहण्याजोगी दुसरी गोष्ट आहे, आणि तिला रथाच्या शतांशानेही प्रसिद्धी नाही. साळींच्या उत्खननात उत्तर हडप्पा थरात भाजक्या मातीच्या, बटणासारख्या दोन लहान मुद्रा मिळाल्या, त्यांवर सिंधू लिपीची चिन्हे आहेत. काही लेखांकित खापरेही मिळाली. हडप्पा संस्कृतीची माणसे किंवा निदान तिची रीत प्रवरेपर्यंत पोचली होती, याचा भरवशाचा पुरावा या मातीच्या गोळ्यांत आहे. रथाचा भाव कितीतरी मोठा, पण साक्षीदार म्हणून आम्ही या दोन बटणांना बोलावू. आपण मुलांना उलटे शिकवत आलो.

आता नेवाशाला येऊ. तिथे १९५४ पासून सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामाचा अहवाल १९६० मध्ये निघाला. त्याच्या नावाचा अर्थच ‘इतिहासाकडून प्रागैतिहासाकडे’ असा आहे. वरून खाली उतरत गेले की काळ मागे जातो, ही पुरातत्त्वाची पहिली बाराखडी त्या नावात आहे. या उत्खननात एका लहान मुलाच्या दफनात गळ्यापाशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. मणी गंजलेले, हिरवे. दागिना म्हणून किंमत शून्य. पण मण्यांच्या भोकांत काहीतरी अडकलेले होते. प्रयोगशाळेत तपासल्यावर तो दोरा निघाला, रेशमाचा, आणि त्यात कापसाचा अंश. तीन हजार वर्षांहून जुना दोरा आपल्या दमट मातीत टिकतो कसा? तांब्यामुळेच. तांबे गंजताना जे क्षार तयार होतात ते सूक्ष्मजीवांना मारक असतात. ते धाग्यात मुरले आणि कुजवणारे जिवाणू तिथे जगले नाहीत. म्हणजे जी घाण म्हणून आपण पहिल्यांदा घासून काढली असती, त्या हिरव्या गंजानेच दोरा राखून ठेवला होता. ते रेशीम इथल्या रानकिड्याचे की बाहेरून आलेले, हा पुढचा प्रश्न. पण प्रश्न विचारायला दोरा शिल्लक लागतो. तीच माळ आमच्या कपाटात आली असती तर? चिंच, रांगोळी, स्वच्छ पाणी, नवा नायलॉनचा दोरा. आणि शेजारी चिठ्ठी.

वस्तूपेक्षा जागा महत्त्वाची, हे कळायला पदवी लागत नाही. १९३९ मध्ये इंग्लंडात सटन हू येथे एक टेकाड खणताना बेसिल ब्राउन या माणसाने हे दाखवून दिले. त्याने बाराव्या वर्षी शाळा सोडली होती, शिक्षण सारे स्वतःचे स्वतः. मातीत त्याला लोखंडी रिव्हेट मिळू लागले. ते उपसून टोपलीत टाकले असते तर भंगाराचा ढीग झाला असता. त्याने ते जिथल्या तिथे ठेवले आणि त्यांच्या रांगा न मोडता माती काढत गेला. लाकूड केव्हाच कुजून गेले होते. उरली होती रिव्हेटांची ओळ आणि वाळूतला डाग. त्या ओळींतून सत्तावीस मीटर लांबीचे जहाज उभे राहिले.

आपल्याकडेही हौशी माणसांनी मोठे काम केले आहे. पण सगळ्यांना एकच हार घालून चालणार नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी पेशाने गणिती. पुण्याभोवतीच्या टेकड्या, जुन्या वाटा, देवीची ठाणी ते पायी पालथी घालत, आणि नखाएवढ्या गारगोटीच्या पात्या, म्हणजे सूक्ष्मास्त्रे, कोणत्या वाटेवर आणि कोणत्या ठाण्याजवळ मिळतात हे लिहून ठेवत. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात त्यांनी यातून असा तर्क मांडला की भटक्या पाषाणयुगीन माणसांच्या वाटा जिथे मिळत, तिथेच आजच्या मातृदेवतांची ठाणी आहेत. हा तर्क आम्हांला पूर्ण पटत नाही. हजारो वर्षांचे अंतर एका शेंदराच्या बोटाने जोडता येत नाही. पण आम्हांला तो नाकारता येतो तो त्यांनीच नोंदी ठेवल्या म्हणून. ज्याचे चूक ठरवण्याची सोय आहे असे काम आम्ही चांगले समजतो.

तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांचे उदाहरण अवघड आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणबरोबर त्याचे नाव येते. या व्यापारी गृहस्थांनी गावच्या पांढरीत मिळणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, हस्तिदंती वस्तू आयुष्यभर जमवल्या. आज तेरला त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय आहे. ते नसते तर हे सारे मुंबई-दिल्लीच्या दुकानांतून परदेशी गेले असते. पण थर गेले. कोणती मूर्ती कोणत्या मण्याबरोबर वापरात होती, हे त्या संग्रहाला विचारता येत नाही. शैलीवरून अंदाज बांधावा लागतो. तरी गाव टिकले, ही लहान गोष्ट नाही. एका गावातल्या वस्तू त्याच गावात आहेत, एवढे तरी जागेचे भान त्या संग्रहाने राखले. लामतुऱ्यांचे ऋण मान्य करूनही त्यांचा कित्ता आज गिरवू नये, असेच आम्ही म्हणू. त्यांच्यापुढे जे पर्याय नव्हते ते आपल्यापुढे आहेत.

कोकणातल्या कातळशिल्पांचे काम आम्हांला या सर्वांत उजवे वाटते. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती २०१२ च्या सुमारास जांभ्या दगडाच्या सड्यांवर हिंडू लागले. गुराख्यांना, गावकऱ्यांना विचारत त्यांनी कातळावर कोरलेले मासे, माणसे, पक्षी, कशेळीचा अवाढव्य हत्ती असे काय काय नोंदवले. इथे उचलून नेण्यासारखे काही नव्हते, हा त्यांच्या कामाचा नकळत मिळालेला लाभ. चित्र जागेवरच राहणार, म्हणून नोंद करण्याखेरीज गत्यंतर नव्हते. त्या नोंदींच्या आधाराने शासनाचे खाते आणि अभ्यासक पुढे आले आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील कातळशिल्पांचे नाव गेले. टीका करायची तर ती या कामाभोवती उठलेल्या गवगव्यावर. उघड्या कातळावरच्या रेषेला थर नसतो, त्यामुळे तिचे वय काढणे फार कठीण. पण बातम्यांत मात्र दहा हजार, वीस हजार वर्षे असे आकडे बिनदिक्कत येतात. आकडा मोठा असला की गाव मोठे होते, अशी आपली समजूत आहे.

सर्वांत कठोर शब्द आम्हांला वापरावे लागतील ते ‘साफसफाई’साठी. गडावरचे टाके गाळाने भरले आहे, चला उपसू या. हेतू चांगला, पाणीही मिळते. पण टाक्यातला गाळ हा वर्षावर्षाने बसलेला थर असतो. त्यात खापरे असतात, हाडे असतात, कधी नाणी असतात आणि डोळ्यांना न दिसणारे परागकणही असतात. कोणत्या शतकात भोवती कोणती झाडे होती हे त्या परागकणांवरून कळू शकते. घमेल्याघमेल्याने तो कड्यावरून खाली ओतला की संपले. पाण्यासाठी उपसायचेच असेल तर आधी तज्ज्ञांना कळवून, एक कोपरा न हलवता राखून आणि प्रत्येक हातभर खोलीचा गाळ वेगळा ठेवून उपसता येतो. वेळ दुप्पट लागेल. छायाचित्रही तितके झकास येणार नाही.

वीरगळांचेही तसेच. वीरगळ खालून वर वाचतात. तळाला लढाई, मध्ये अप्सरांनी स्वर्गात नेलेला वीर, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. तळाच्या चौकटीत गाई कोरलेल्या असल्या तर तो गोधन वाचवताना पडलेला वीर. हे दगड शेताच्या बांधावरून, वाटेच्या कडेवरून उचलून देवळापुढे ओळीने सिमेंटमध्ये बसवले की बातमी होते, ‘वीरगळांचे संवर्धन’. आता विचार करा. राजूर हे डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी प्रसिद्ध असलेले गाव. घाटमाथ्यावरच्या अशा गुराढोरांच्या मुलखात गाईंसाठी लढलेल्याचा दगड कोणत्या खिंडीच्या तोंडाशी उभा होता, हेच तर त्या दगडाचे निम्मे बोलणे. ऑइलपेंट फासून ओळीत बसवलेल्या दगडाला उरलेले निम्मेच बोलता येते.

मग राजूरच्या मंडळींनी काय शोधावे? गाजलेली तिन्ही स्थळे राजूरच्या खालच्या अंगाला आहेत. याचे एक कारण सरळ दिसते. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांनी मुख्यतः कमी पावसाच्या, काळ्या मातीच्या नदीखोऱ्यांत वस्ती केली. राजूरच्या वर पाऊस धो धो, माती पातळ, जंगल दाट. पण दुसरेही कारण असू शकते. कालवे, रस्ते, नांगर जिथे जास्त चालतात तिथे वस्तू जास्त सापडतात, आणि शोधणारे जिथे जातात तिथेच नकाशावर ठिपके पडतात. तेव्हा नकाशावरची मोकळी जागा माणसे नव्हती असे सांगते, की कोणी पाहिले नाही असे? याचे उत्तर एखाद्या मूर्तीने मिळणार नाही. ते शंभर शेतांत फिरून, सापडले ते आणि न सापडले तेही लिहून मिळेल. आम्ही आजवर पाहिलेल्या हौशी मंडळांच्या अहवालांत ‘काही आढळले नाही’ हे वाक्य वाचल्याचे आठवत नाही.

हे काम शाळेला जमण्यासारखे आहे. फावड्याला हात लावायचा नाही. परवान्याशिवाय उत्खनन करायचे नसते, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून जास्त मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. (दहा रुपयांचा आकडा वाचून मुले हसतात. हसू द्यावे.) थर म्हणजे काय ते आधी शाळेच्या मागच्या उकिरड्यावर शिकवता येते. उभा छेद दिसतो तिथे वेष्टने, काचा, राख यांच्या ओळी वहीत काढायच्या. एखाद्या ओळीत २०११ सालचे नाणे मिळाले तर ती ओळ २०११ च्या आधीची असू शकत नाही. नंतरची किती, ते मात्र नाणे सांगत नाही. एवढे कळले की मुले दायमाबादच्या रथाबद्दल आपण होऊन योग्य प्रश्न विचारतात.

मग शेतफेरी. भात काढून झाले की खाचरे उघडी पडतात, गवत वाळते, तेव्हा जावे. शेतमालकाला विचारून, पाच-पाच पावलांवर एकेक मूल उभे करून सरळ रेषेत चालायचे. खापर दिसले तर उचलायचे नाही. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे, गट क्रमांक आणि बांधापासूनचे अंतर लिहायचे. खाचरातली माती दरवर्षी चिखलणीत ढवळते आणि वरच्या खाचरातून खाली येते, म्हणून वरच्या बांधावरही पाहून यायचे. घासायचे नाही, धुवायचे नाही. आणि दिवसभर फिरून काही दिसले नाही तर त्या पानावर तारीख, शेताचे नाव, किती जण चालले, ऊन होते की ढग, हे सारे लिहून शेवटी लिहायचे : काही आढळले नाही.